मुलाला परदेशी न्या, पण सांगून न्या

बडोद्याच्या मराठी घरांना परदेश नवा नाही. न्यू जर्सी, टोरोंटो, मेलबर्न ही नावे आता दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या आजी-आजोबांच्या तोंडी पुणे-नाशिकइतकीच सहज येतात. घटस्फोटही आपण समजतो तितका नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९३१ साली झाला. मुंबई प्रांताने तसा कायदा १९४७ साली केला आणि स्वतंत्र भारताचा हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला. या दोन्ही गोष्टी आपल्या समाजाने हळूहळू पचवल्या आहेत.

या दोन गोष्टी एकत्र येतात तेव्हा मात्र आपण गोंधळतो. आई-वडील वेगळे झाले आहेत आणि त्यांच्यापैकी एकाला मुलाला घेऊन परदेशी जायचे आहे. कोणाला नोकरी मिळाली आहे, कोणाचा पुनर्विवाह ठरला आहे, कोणाचा भाऊ तिकडे आहे आणि त्याने बोलावले आहे. अशा वेळी मुलाचे काय करावे, हे कोण ठरवणार?

माझे मत सुरुवातीलाच मांडते. परदेशी जाण्याला माझा विरोध नाही. मोडलेल्या संसारातून उठून नव्या गावी नव्याने उभे राहण्याचा हक्क आईलाही आहे आणि वडिलांनाही आहे. माझा विरोध लपवून जाण्याला आहे. मुलापासून लपवून, दुसऱ्या पालकापासून लपवून, शाळेपासून लपवून मुलाला नेणे, हे जाणाऱ्याची बाजू कितीही खरी असली तरी मुलावर अन्याय करणारे आहे.

सुट्टी म्हणून निघालेला प्रवास

शाळेशी संबंध असलेल्यांना हा प्रश्न दोन्ही बाजूंनी दिसतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर एखादा बाक रिकामा राहतो. चौकशी केली तर कळते, की मूल आईबरोबर किंवा वडिलांबरोबर ‘फिरायला’ गेले आहे. जानेवारी उजाडतो, फेब्रुवारी जातो आणि मग दुसराच कोणी नातेवाईक दाखला मागायला येतो. उलटही घडते. नोव्हेंबरात एखादा मुलगा परदेशातून येऊन मधेच वर्गात बसतो. मराठी बोलतो पण वाचता येत नाही, गुजराती तर कानालाही नवी. तो सगळ्यांना सांगत असतो, की मी मामाच्या लग्नासाठी आलो आहे, लग्न झाले की परत जाणार. लग्न होऊन महिना उलटतो तरी तो तेच सांगत असतो. त्याला कोणी खरे सांगितलेलेच नसते.

त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याने मित्रांचा निरोप घेतलेला नाही. त्याची सायकल, त्याची वही, त्याचा कुत्रा सगळे तिकडे तसेच आहे. दुसऱ्या पालकाला त्याने जाताना ‘पंधरा दिवसांत येतो’ असे सांगितलेले आहे. म्हणजे त्याच्याच तोंडून खोटे वदवले गेले. पुढे हे त्याच्या लक्षात येते तेव्हा मागे राहिलेल्या पालकाबद्दल त्याच्या मनात अपराधी भावना येते आणि ज्याने आणले त्याच्यावरचा विश्वासही डळमळतो. एका घरातले दोन मोठे माणूस एकमेकांपासून दूर झाले, तर मूल ते कालांतराने समजून घेते. आपल्याला फसवून आणले, हे समजून घेणे त्याला फार जड जाते.

तीन चुकीचे समज

लपवून जाणारे सगळे पालक वाईट हेतूने जातात असे नाही. कित्येकदा चुकीच्या समजुतींमुळे त्यांना वाटते, की आपण करतो ते कायद्याला धरूनच आहे.

पहिला समज असा, की पासपोर्ट मिळाला म्हणजे परवानगी मिळाली. २०१६ च्या डिसेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम सोपे केले. अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचे नाव दिले तरी चालते. दुसऱ्या पालकाची संमती नसेल तर अर्ज करणारा पालक साध्या कागदावर तसे लिहून देऊ शकतो. एकटीने मूल वाढवणाऱ्या आयांची वणवण त्यामुळे कमी झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पासपोर्ट हा प्रवासाचा कागद आहे. मूल कोणत्या देशात वाढावे, याचा निवाडा तो करीत नाही.

दुसरा समज असा, की ताबा माझ्याकडे आहे, तेव्हा मी कुठेही नेईन. १८९० चा पालक व पाल्य कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे न्यायालयाने नेमलेल्या पालकाला, नियमांत सांगितलेली कारणे सोडली तर, न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर हलवता येत नाही. शिवाय घटस्फोटाच्या हुकुमात बहुधा दुसऱ्या पालकाच्या भेटीचे दिवस ठरवून दिलेले असतात. दर रविवारी भेट असा हुकूम असताना मुलाला टोरोंटोला नेले, तर तो हुकूम मोडला जातो. म्हणून आधी फॅमिली कोर्टात अर्ज करून परवानगी घ्यावी आणि मगच तिकीट काढावे.

तिसरा समज वडिलांच्या बाजूचा आहे. वडील हेच नैसर्गिक पालक, म्हणून त्यांचा शब्द अखेरचा, असे अनेकांना वाटते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असे शब्द आहेत खरे. पण लेखिका गीता हरिहरन यांनी केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले, की इथे ‘नंतर’ याचा अर्थ केवळ ‘मृत्यूनंतर’ असा घ्यायचा नाही. वडील मुलाकडे लक्ष देत नसतील किंवा दूर असतील, तेव्हाही आई नैसर्गिक पालक ठरते. त्याच कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहावे असे आहे. तेव्हा ‘माझा मुलगा आहे, मी नेतो’ हे वाक्य कोणाच्याच तोंडी शोभत नाही.

परदेशातल्या सरकारांचे नियमही लक्षात ठेवावेत. अमेरिकेत सोळा वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टसाठी सामान्यतः आई-वडील दोघांची संमती लागते. जन्माने अमेरिकन असलेल्या मुलाला इथे आणले आणि पाच वर्षांनी त्याचा पासपोर्ट संपला, की तीच दुसरी सही पुन्हा आडवी येते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी अठरा वर्षांखालील मुलांबाबत संमतीचा वेगळा अर्ज आहे. इंग्लंडमध्ये पालकत्वाची जबाबदारी असलेल्या दुसऱ्या व्यक्तीच्या संमतीशिवाय मुलाला देशाबाहेर नेणे गुन्हा ठरू शकतो.

भारत बाहेर असलेला करार

या विषयावर २५ ऑक्टोबर १९८० चा हेग येथील एक आंतरराष्ट्रीय करार आहे. शंभराहून अधिक देश त्यात आहेत. एका पालकाने सोळा वर्षांखालील मुलाला अयोग्य रीतीने दुसऱ्या देशात नेले, तर मूल जिथे नेहमी राहत होते त्या देशात त्याला त्वरेने परत पाठवावे आणि ताब्याचा निर्णय तिथल्या न्यायालयाने करावा, असे त्याचे सूत्र आहे. आपली मंडळी ज्या देशांत जातात ते अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे सगळे या करारात आहेत. भारत नाही.

आपल्या विधी आयोगाने २००९ साली करारात सामील व्हावे अशी शिफारस केली. २०१६ साली आयोगाने पुन्हा त्यावर अहवाल दिला. पण न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने २०१८ साली वेगळे मत दिले. परदेशात छळ सोसून मुलासह माहेरी परतलेल्या स्त्रियांची चिंता या चर्चेत मोठी होती, आणि ती खोटी नाही.

याचा परिणाम असा, की बडोद्याहून कोणी मुलाला गुपचूप परदेशी नेले, तर मागे राहिलेल्या पालकाला या कराराचा आधार मिळत नाही. परदेशातून कोणी इथे आणले तर तिकडच्या पालकाचीही तीच गत. मग उच्च न्यायालयात अर्ज, तिथून सर्वोच्च न्यायालय, आणि प्रत्येक खटल्याचा निवाडा वेगळा. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परदेशी न्यायालयाचा हुकूम ही विचारात घेण्याची एक बाब आहे, मुलाचे हित मात्र सर्वांत वरचे. २०१९ साली आईने हैदराबादला आणलेल्या मुलांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मुलांना अमेरिकेला परत पाठवण्याचा हुकूम दिला. म्हणजे इथे येऊन पोचलो की जिंकलो, असे काही नाही. अमेरिकेतून अगदी लहान असताना आणलेल्या एका मुलाच्या ताब्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात १९९७ साली लागला, तेव्हा तो मुलगा चौदा वर्षांचा झाला होता. निकाल आईच्या बाजूने लागला, पण मुलाचे सारे बालपण त्या वादात गेले.

म्हणूनच आधी केलेला लेखी करार आपल्याकडे अधिक मोलाचा आहे. मागाहून धावून येईल अशी सोपी व्यवस्था इथे नाही.

जिवाच्या भीतीने निघालेल्यांसाठी

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घरात मारहाण आहे, जिवाला धोका आहे, अशा वेळी मुलाला घेऊन बाहेर पडलेल्या आईला ‘तू सांगून का गेली नाहीस’ असे विचारणे निर्दयपणाचे आहे. आधी सुरक्षित जागा, मग बाकी सारे. हेग करारातही मुलाला गंभीर धोका असेल तर परत पाठवण्यास नकार देण्याची सोय आहे. आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि त्याखाली मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा हुकूमही मिळू शकतो. अशा आईने सुरक्षित पोचल्यावर लवकरात लवकर न्यायालयापुढे जावे, एवढेच सुचवावेसे वाटते. तिचे सत्य कागदावर आले तर तेच तिला आणि मुलाला पुढे राखील.

सही हे हत्यार नव्हे

जाणाऱ्याला जसे सांगायचे, तसे मागे राहणाऱ्यालाही सांगायला हवे. केवळ राग म्हणून संमती अडवून धरणारे पालकही असतात. तीन आठवड्यांच्या सहलीलाही सही देत नाहीत. ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ अशी मुलाची अवस्था होते. मनात भीती असते, की एकदा गेले की परत येणार नाहीत. ती भीती घालवायचे मार्ग आहेत. परतीचे तिकीट दाखवावे, राहण्याचा पत्ता द्यावा, ठरल्या तारखेला परत येण्याची हमी न्यायालयात लिहून द्यावी, परत आल्यावर मुलाचा पासपोर्ट न्यायालयाकडे किंवा दोघांच्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवावा. एवढे होऊनही सही मिळत नसेल तर न्यायालयाचे दार आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने वडिलांबरोबर मुलाला सिंगापूरला राहायला जाऊ दिले, आणि आईशी त्याचा संपर्क राहील अशी व्यवस्थाही हुकुमात केली. सरळ मार्गाने जाणाऱ्याला वाट मिळते.

कायमचे जायचे असेल तर पुढील गोष्टी लेखी ठरवाव्यात. मूल कुठे राहणार, कोणत्या शाळेत जाणार, पत्ता बदलल्यास किती दिवसांत कळवणार. सुट्ट्या कोणाकडे आणि तिकिटाचा खर्च कोणाचा. ऑस्ट्रेलियात शाळेचे वर्ष जानेवारीअखेर सुरू होते, अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरात, हे धरूनच सुट्ट्या ठरवाव्यात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या नूतनीकरणाला कोण सही करणार. प्रगतिपुस्तक आणि दवाखान्याचे कागद दुसऱ्या पालकाला कसे मिळणार.

बोलण्याची वेळ तर घड्याळ पुढे ठेवूनच ठरवावी. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे सात वाजतात तेव्हा बडोद्यात दुपारचे साडेचार झालेले असतात, हिवाळ्यात साडेपाच. मूल शाळेच्या बसची वाट पाहत असेल तेव्हा इथले आजोबा चहा घेत असतात. ही वेळ सहज जमण्यासारखी आहे. २०२० सालच्याच दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की विशेष कारण नसेल तर ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलण्याचा हक्क असावा, आणि त्यासाठी व्हिडिओ कॉल ही सर्वांत चांगली सोय आहे. त्या दहा मिनिटांत मराठी बोलली जावी, असे मी सुचवीन. परदेशातल्या मुलाची भाषा टिकते ती अशा रोजच्या बोलण्याने, वर्षातून एकदा गणपतीला केलेल्या नाटुकल्याने नव्हे.

एक सावधगिरी मात्र हवी. इथल्या हुकुमासारखाच हुकूम तिकडच्या न्यायालयाकडून घेण्याची पद्धत आहे, तिला वकील मंडळी मिरर ऑर्डर म्हणतात. तो हुकूम खरोखर मिळाला आहे, याची वकिलामार्फत तिकडूनच खात्री करून घ्यावी. २०२० साली केनियाला वडिलांकडे मुलाला जाऊ देताना सर्वोच्च न्यायालयाने अशी अट घातली होती. पुढे वडिलांनी न्यायालयाची फसवणूक केल्याचे दिसून आले आणि २०२१ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने आपला निकालच मागे घेतला. पण मूल तोवर केनियात पोचले होते.

शाळेने काय करावे

विश्वस्त मंडळापुढे मला एक सूचना ठेवायची आहे. ‘शाळेने कोणाच्या घरच्या भांडणात पडू नये’ असे म्हटले जाते आणि ते बरोबर आहे. पण एका पालकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला अंधारात ठेवणे, हेही भांडणात पडणेच आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाचा दाखला ताबडतोब द्यावा लागतो. तेव्हा दाखला अडवा, असे मी म्हणत नाही. दाखला द्यावा आणि त्याच दिवशी दुसऱ्या पालकाला एक साधे पत्र पाठवावे, की आपल्या पाल्याचा दाखला अमुक तारखेला दिला आहे. प्रवेशाच्या वेळी दोन्ही पालकांचे पत्ते आणि फोन लिहून घ्यावेत व दर जूनमध्ये ते तपासावेत. न्यायालयाचा हुकूम असेल तर त्याची प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी, वर्गात त्याची चर्चा होऊ नये. प्रगतिपुस्तक मागणाऱ्या दोन्ही पालकांना द्यावे. मात्र संरक्षणाचा हुकूम असेल किंवा छळाची तक्रार शाळेला कळवलेली असेल, तर पत्र पाठवू नये आणि मुलाचा नवा पत्ता किंवा नवी शाळा कोणालाही सांगू नये. हा अपवाद नियमाइतकाच महत्त्वाचा आहे.

आणखी एक छोटी गोष्ट. जाणाऱ्या मुलाला वर्गाचा निरोप मिळावा. मुलांनी सह्या केलेला एक कागद, बाईंनी लिहिलेल्या दोन ओळी, एखादा फोटो. याला पैसा लागत नाही. पण हे व्हायचे तर पालकांनी आधी सांगावे लागेल.

विद्यार्थी मित्रांनो

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे काही चालले असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. आई-बाबांचे पटले नाही यात तुमचा दोष नाही. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवणे हे तुमचे काम नाही. आपण कुठे चाललो आहोत आणि परत कधी येणार, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. न्यायाधीशांनी विचारले तर तुमच्या मनात असेल ते सांगा. समजत्या वयाच्या मुलाचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते असे कायद्यातच आहे. पण दोघांतला एक निवडलाच पाहिजे, असे तुमच्यावर बंधन नाही. दोन्ही पालकांचे फोन नंबर पाठ करून ठेवा. फार भीती वाटली तर वर्गशिक्षकांशी बोला किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करा. आणि ज्यांच्या घरी सारे ठीक आहे त्यांनी शेजारच्या बाकावरच्या मित्राला ‘तुझे बाबा कुठे असतात’ असे दहा वेळा विचारू नका. त्याला खेळायला घ्या.

पालकांना अखेरची विनंती एवढीच. तिकीट काढण्याआधी मुलाला जवळ बसवा आणि त्याला समजेल अशा शब्दांत सांगा, की आपण कुठे जाणार, किती दिवसांसाठी जाणार आणि दुसऱ्या पालकाशी तू कधी बोलणार, कधी भेटणार. यातल्या एखाद्या प्रश्नाचे खरे उत्तर देता येत नसेल, तर तयारी अजून पुरी झालेली नाही असे समजावे आणि थोडे थांबावे.

— पालक-शिक्षक संघाची एक सदस्या